क्रिप्टोला कुणी विचारलं होतं?

भाची चार दिवस राहायला आली होती. नऊ वर्षांची आहे. तिच्या हट्टाखातर आम्ही दोघींनी २०२५चा 'सुपरमॅन' पुन्हा लावला. तिची तिसरी खेप, माझी दुसरी. सुपरमॅनचा कुत्रा क्रिप्टो पडद्यावर आला की ती मांडीवरची उशी घट्ट आवळायची, तो गेला की सोडून द्यायची. सिनेमा संपल्यावर म्हणाली, अजून क्रिप्टो हवा. मग मी कपाटाच्या वरच्या खणातून सुपरबॉयच्या, म्हणजे लहानपणच्या सुपरमॅनच्या, जुन्या गोष्टींचा जाडजूड संग्रह काढला, धूळ पुसली आणि तिला शेजारी घेऊन बसले. क्रिप्टोची अगदी पहिली गोष्ट त्यात आहे. मार्च १९५५, 'अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स'चा २१०वा अंक, लेखन ऑटो बाइंडरचं, चित्रं कर्ट स्वॉनची. तिला इंग्रजी अजून भराभर वाचता येत नाही, म्हणून मी चौकटीवर बोट ठेवून मराठीत सांगत होते. क्रिप्टन ग्रह फुटणार आहे. जोर-एलला आपल्या तान्ह्या मुलाला यानात घालून दूर धाडायचंय. पण यान नीट जाईल की नाही, कोण जाणे. म्हणून तो आधी एक छोटं यान सोडून बघायचं ठरवतो आणि त्यात घरचा कुत्रा बसवतो. माझं बोट पुढच्या चौकटीकडे सरकलं, तर तिने पानावर अख्खा पंजाच ठेवला.

“थांब मावशी. त्यांनी कुत्र्याला विचारलं होतं?”

“अगं, कुत्र्याला कसं विचारणार?”

“मग सांगितलं तरी होतं का, कुठे पाठवतायत ते?”

मी म्हटलं, पुढे ऐक ना, पोचतो तो सुखरूप. आणि पान उलटलं. तिने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, पण मघाशी माझ्या दंडाला टेकून बसलेली ती आता सरळ बसली होती. रात्री ती झोपली, आणि मी मात्र तो संग्रह उशाशी घेऊन जागी. तीच चौकट पुन्हा काढून बघत होते. तीन दशकांहून जास्त काळ ही गोष्ट मला पाठ आहे. कुणी अर्ध्या रात्री उठवून विचारलं तरी सांगेन. आणि इतक्या वर्षांत त्या यानाच्या दाराशी मी एकदाही थांबले नव्हते.

थांबले नव्हते, कारण मला पुढे जायची घाई असायची. पुढे सगळी मजा होती. यानाला वाटेत धक्का बसतो, ते भरकटतं, कुत्रा वर्षानुवर्षं अवकाशात वाहत राहतो आणि अखेर पृथ्वीवर येऊन आदळतो. तोवर ते तान्हं बाळ मोठं होऊन सुपरबॉय झालेलं असतं. पिवळ्या सूर्याखाली मुलाला आली तीच सगळी शक्ती कुत्र्यालाही येते. उडतो काय, भिंती फोडून आरपार जातो काय, पाठीवर लाल झूल फडफडतेय. त्याच्या डोक्यावर विचारांचे ढगासारखे फुगे असायचे, आणि त्यात तो चक्क माणसासारखा विचार करायचा. लहानपणी मला सगळ्यांत भारी वाटायचं ते त्याचं अवकाशातलं घर. सुपरमॅनचा जसा एकांतातला बर्फाळ किल्ला, तसं क्रिप्टोचं उल्कांच्या दगडांनी रचलेलं स्वतःचं घर. मनात आलं की तो निघून जायचा, धूमकेतूंमागे धावायचा, मनात आलं की परत यायचा. कुत्र्याला स्वतःचं घर असावं आणि त्याला कुणी साखळी लावू नये, या कल्पनेने मला वेड लावलं होतं. लहानपणी माझ्या हाती आलेल्या अंकाला मुखपृष्ठ नव्हतं, पहिलं पान कडेने कुरतडलेलं होतं, कागदाला जुन्या ट्रंकेचा वास यायचा. ती कोपऱ्यातली चौकट, जिथे आकाशात तरंगणाऱ्या खडकांच्या घरापुढे पांढरा कुत्रा बसलाय, तिच्यावर मी बोट फिरवून फिरवून तिथली शाई पुसट केली होती.

१९५५ हे साल या प्राण्यांसाठी भरभराटीचं होतं. आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या कॉमिक्सवर काय छापावं, काय नाही, याच्या संहितेचा बडगा आला होता. रक्त, भुतंखेतं, क्रौर्य सगळं चाळणीतून जायला लागलं, आणि प्रकाशकांना पालकांच्या नजरेत सोज्वळ ठरतील अशा गोष्टी हव्या होत्या. त्याच वर्षी टीव्हीवर लॅसी आणि रिन टिन टिन या दोन कुत्र्यांच्या मालिका सुरू झाल्या होत्या. मग प्रत्येक वीराला कुत्रा हवासा वाटला तर नवल नाही. मार्चमध्ये क्रिप्टो आला, आणि जुलैच्या 'बॅटमॅन'मध्ये एस. हा एस मला फार आवडतो. अल्सेशियन जातीचा, कपाळावर चांदणीसारखी खूण असलेला. तो बॅटमॅनला सापडतो तेव्हा ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅनच, त्याच्या मालकाच्या शोधासाठी जाहिरात देऊन बसलेला असतो. आता तोच कुत्रा बॅटमॅनबरोबर दिसला आणि कुणी कपाळावरची चांदणी ओळखली तर सगळंच बिंग फुटेल. म्हणून बॅटमॅन त्याला मुखवटा घालतो. कुत्र्याला मुखवटा! गुपित माणसाचं, चेहरा झाकायचा त्याने. एस ते निमूट घालून घेतो, कारण घालणारा हात ओळखीचा असतो.

मग तर रांगच लागली. १९५९मध्ये बेपो नावाचं माकड, १९६०मध्ये स्ट्रीकी मांजर, १९६२मध्ये कॉमेट घोडा, आणि त्याच वर्षी या सगळ्यांची मिळून एक पलटण. यातलं बरंचसं मी आज पुन्हा वाचणार नाही. पण बेपोची गोष्ट त्या रात्री आठवली, कारण तोही जोर-एलच्याच प्रयोगशाळेतला. प्रयोगासाठी आणलेलं माकड, ते सुपरमॅनच्या यानात लपून बसतं आणि पृथ्वीवर येतं. म्हणजे एकाच घरातून एक कुत्रा चाचणीसाठी रवाना झाला आणि एक माकड चाचणीतून पळून आलं. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

खरं सांगायचं तर बाइंडरने हे हवेतून काढलं नव्हतं. १९४०च्या दशकाच्या अखेरीसच अमेरिकेत व्ही-२ अग्निबाणांच्या टोकात माकडं बसवून वर सोडली होती. १९५१च्या जुलैमध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी देझिक आणि त्सिगान ही दोन कुत्री वर पाठवून जिवंत परत आणली होती. माणसाच्या आधी जनावर, हे तेव्हाच्या हवेतच होतं. पण क्रिप्टोची गोष्ट आली मार्च १९५५मध्ये आणि लायका ही कुत्री अवकाशात गेली ३ नोव्हेंबर १९५७ला. कॉमिक्सच्या पानावर कुत्रा यानात बसवून दूर अवकाशात सोडला, त्यानंतर तीन वर्षंही उलटली नाहीत आणि एक खरीखुरी कुत्री पृथ्वीभोवती फिरत होती.

लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची. आधी तिचं नाव कुद्र्यावका होतं, म्हणजे कुरळी. रस्त्यावरची कुत्री मुद्दाम निवडली जायची, कारण थंडी आणि उपास त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. कक्षात हलायला जागा नसणार, म्हणून तिला आधी लहान, मग त्याहून लहान पिंजऱ्यांत ठेवून सवय लावली. परत आणण्याची सोय स्पुतनिक-२मध्ये नव्हतीच. ते पाठवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. ती कक्षेत आठवडाभर जगली आणि मग शांतपणे गेली, असं जगाला बरीच वर्षं वाटत होतं. २००२मध्ये खरं बाहेर आलं: यान तापलं आणि ती काही तासांतच गेली. उड्डाणाच्या वेळी तिच्या काळजाचे ठोके दुपटीहून जास्त झाले होते. यंत्रांनी ते नोंदवून ठेवलेत. तिला तयार करणाऱ्यांपैकी एक, ओलेग गाझेन्को, १९९८मध्ये म्हणाले की, जसजसा काळ जातो तसतसं मला जास्त वाईट वाटतं. त्या मोहिमेतून आम्ही इतकं काही शिकलो नाही की तिचं मरण त्या मोलाचं ठरावं. हे सगळं मी आधीही वाचलं होतं. पण यातलं एक मला नेहमी सगळ्यांत जास्त लागतं. उड्डाणाच्या काही दिवस आधी डॉक्टर व्लादिमीर याझदोव्स्की तिला आपल्या घरी घेऊन गेले होते, मुलांशी खेळायला. तिच्याकडे फार वेळ उरला नव्हता, म्हणून तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावंसं वाटलं, असं त्यांनी नंतर लिहिलं.

त्या संध्याकाळी ती मुलं तिच्याशी काय खेळली असतील?

आमच्या घरी भुऱ्या होता. कुठल्याही जातीचा नाही. एक कान उभा, एक अर्ध्यातून दुमडलेला. पिल्लू असताना फाटकातून आत आला आणि राहिला. मला शिट्टी वाजवता यायची नाही, कितीही प्रयत्न केला तरी नुसती हवा जायची, म्हणून मी त्याला टाळ्यांनी बोलवायचे. दोन टाळ्या सलग, मग जरा थांबून तिसरी. तो कुठेही असो, दोन ऐकून उठायचा आणि तिसरी होईपर्यंत माझ्या पायाशी असायचा. मी अकरा वर्षांची होते तेव्हा बाबांची बदली झाली. नव्या ठिकाणचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि घरमालकाची अट होती, कुत्रा चालणार नाही. बाबांच्या ओळखीत एकांचं शेत होतं. तिथे मोकळा राहील, असं सगळेच म्हणत होते. आई म्हणाली, आजोबा म्हणाले, शेजारच्या काकू म्हणाल्या. इतक्या जणांनी म्हटलं की मीही तेच म्हणायला लागले. न्यायला जीप आली त्या सकाळी भुऱ्या परसात सायलीच्या वेलाखाली माती उकरून बसला होता. अनोळखी माणसाने ओढून नेलं तर तो घाबरेल, असं मला वाटलं. म्हणून मी जीपच्या मागच्या दाराशी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. दोन, आणि मग तिसरी. तो धावत आला. त्याला गाडीचं भारी वेड होतं. कुणी उचलायला लागलं नाही, आपणहून उडी मारून आत गेला, सीटवर चढला आणि काचेला नाक लावलं. दार मी लावलं. काचेवर आतून वाफेचा एक गोल उमटला होता, रुपयाएवढा. जीप निघाली तेव्हा त्याचं शेपूट हलत होतं.

पंधरा दिवसांनी निरोप आला. दोरी तोडून रात्रीतून कुठेतरी निघून गेला म्हणून. बाबा एकदा जाऊन शोधून आले. नाही सापडला.

त्याच वर्षी सुट्टीत, माळ्यावरच्या रद्दीत, तो मुखपृष्ठ नसलेला अंक माझ्या हाती लागला होता. ही तारखांची जुळवाजुळव मी त्या रात्री पहिल्यांदा केली. इतकी वर्षं मी समजत होते की क्रिप्टो मला आवडला तो उडतो म्हणून. पण मी पुन्हा पुन्हा वाचायचे ती उडण्याची पानं नव्हेतच. मी वाचायचे ते पान, जिथे तो त्या मुलाला शोधून काढतो. मुलगा मोठा झालाय, आजूबाजूचा ग्रह वेगळा, कपडे वेगळे, वाससुद्धा कदाचित वेगळा, तरी ओळखतो. धाडलेला कुत्रा परत येतो आणि धाडणाऱ्याच्या मुलाच्या अंगावर उड्या मारतो. यानाच्या दाराची चौकट मी का ओलांडून जायचे, हे मला भाचीच्या पंजामुळे कळलं. ते दार लावणारा हात मला बघायचा नव्हता.

तेव्हापासून मला वाटायला लागलंय की या सुपरकुत्र्यांची खरी शक्ती बळ नाही, दृष्टी नाही, उडणंही नाही. परत येणं ही त्यांची शक्ती. ज्यांनी पाठवलं त्यांनीच लिहिलेली ही गोष्ट आहे, आणि तिच्यात पाठवलेला नेहमी परत येतो, शिवाय कसलीही तक्रार न घेता येतो. १९८६मध्ये जुन्या सुपरमॅनचा निरोप घेणारी दोन अंकांची गोष्ट निघाली, अ‍ॅलन मूरने लिहिलेली, चित्रं पुन्हा त्याच कर्ट स्वॉनची. त्यात सुपरमॅनवर अखेरची वेळ आलेली असते, किल्ल्याला शत्रूंचा वेढा पडतो, आणि वर्षानुवर्षं अवकाशात भटकणारा क्रिप्टो कुणी न बोलावता येऊन हजर होतो. मग क्रिप्टोनाइटने अंग भरलेल्या शत्रूवर झडप घालतो. ते विष त्यालाही मारणार असतं. आणि मारतंच. ते पान मी विशीत वाचलं आणि अंक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. याचंही मी तेव्हा कारण शोधलं नाही.

त्यानंतर लगेचच सुपरमॅनची गोष्ट नव्याने सुरू झाली, आणि त्यात क्रिप्टोला जागाच ठेवली नाही. क्रिप्टनचा एकमेव वारस म्हणजे एकमेव, असं ठरलं. नायकाचं एकटेपण खरं वाटायला हवं होतं आणि कुत्रा असताना ते खरं वाटत नव्हतं. मला हा निर्णय पटत नाही, पण त्यामागची जाण मात्र अचूक आहे. माणूस कितीही एकटा असो, दाराशी कुत्रा असेल तर ती गोष्ट एकटेपणाची उरत नाही. पुढे हळूहळू क्रिप्टोला परत घेतलंच. घ्यावंच लागलं असणार.

पडद्यावर तर या प्राण्यांना आणखीच वाट पाहावी लागली. १९५८मध्ये कुत्र्यांचे मुखवटे घातलेल्या माणसांना घेऊन सुपरमॅनच्या धर्तीवर एक भाग चित्रित केला होता. तो तेव्हा प्रसारितच झाला नाही. तरुण सुपरमॅनवरच्या 'स्मॉलव्हिल' या टीव्ही मालिकेत २००५ साली एक सोनेरी कुत्रा आला, त्याच्यात थोडा वेळ अचाट ताकद होती, ती ओसरली आणि मग तो शेल्बी नावाने शेतावरचा साधा कुत्रा होऊन राहिला. तो भाग मला फार प्रिय आहे. त्याला त्याची ताकद गेल्याचं काही वाटत नाही, घर मिळालंय ना. याउलट फाल्कन या उडणाऱ्या वीराचा ससाणा, रेडविंग. १९६९पासून कॉमिक्समध्ये तो हाडामांसाचा, मनाने जोडलेला पक्षी होता. २०१६च्या 'सिव्हिल वॉर' सिनेमात त्याचा ड्रोन झाला. सॅम, म्हणजे फाल्कनच, लाडाने आपल्या साथीदार नताशाला सांगतो, त्याचे आभार मान; ती म्हणते, त्या वस्तूचे मी आभार मानणार नाही. थिएटरात सगळे हसले आणि मी खट्टू झाले. सोय म्हणून ते बरोबर असेल. खऱ्या पक्ष्याला शिकवा, सांभाळा, किंवा संगणकावर एकेक पीस रंगवा, त्यापेक्षा यंत्र सोपं. पण यंत्राला परत यायचं नसतं, ते परत बोलावलं जातं. हा फरक मला सिनेमाभर डाचत राहिला.

या सगळ्या प्रपंचात प्राण्याच्या बाजूने उभं राहून काढलेली एकच गोष्ट मला माहीत आहे, आणि ती कुठल्याच सुपरकुत्र्याची नाही. हॉकआयचा, म्हणजे धनुर्धारी वीर क्लिंट बार्टनचा, लकी. साधा कुत्रा, एका डोळ्याने अधू, आधी गुंडांकडे होता, त्यांनीच मारून रस्त्यावर फेकलेला. क्लिंट बार्टन त्याला उचलून डॉक्टरकडे नेतो आणि मग तो क्लिंटचाच होतो. मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांच्या त्या मालिकेचा ११वा अंक, २०१३चा, अख्खाच्या अख्खा लकीच्या नजरेतून आहे. पुढच्या वर्षी त्याला कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला. त्यात विचारांचे फुगे नाहीत. माणूस समोर आला की त्याच्याभोवती रेघा निघतात आणि रेघांच्या टोकाशी बारकी बारकी चिन्हं: याला कशाचा वास येतोय, हा कुणाबरोबर होता, कुठून आलाय. माणसांचं बोलणं म्हणजे नुसत्या गिचमिड रेघा. मधूनच एखादा शब्द स्पष्ट, तेवढाच लकीला कळलेला. इमारतीत खून होतो, लकी वासाच्या धाग्याने तो उलगडत जातो, आणि कुणालाच ते सांगू शकत नाही. शेवटाकडे क्लिंट आणि त्याची तरुण साथीदार केट बिशप भांडतात. आपल्याला ते भांडण तुकड्यातुकड्यांतच ऐकू येतं, कारण लकीला तेवढंच कळतंय. केट सामान भरून निघते आणि लकी तिच्याबरोबर जातो.

तो अंक मी त्या रात्री पुन्हा वाचला. मग दिवा मालवून पडले आणि आपोआपच जीपची सकाळ त्या पद्धतीने दिसायला लागली. आई, बाबा, आजोबा, काकू अंगणात उभे आहेत. सगळे बोलतायत. सगळ्या रेघाच रेघा. त्यातून त्याला कळणारे शब्द किती? त्याचं नाव. माझं नाव. ‘गाडी’. आणि मग टाळ्या.

२०२३च्या 'गार्डियन्स' सिनेमाच्या तिसऱ्या भागात रॉकेट नावाचा रॅकून आहे, चाचण्यांच्या पिंजऱ्यात घडलेला, नावाऐवजी आकडा मिळालेला. तो सिनेमा मी एका बैठकीत पाहू शकले नव्हते. त्याचे पिंजऱ्यातले सोबती, लायला नावाची पाणमांजर, टीफ्स, फ्लोर, आकाशाची स्वप्नं बघत असतात. त्याच्या शेवटी एक प्रसंग आहे. यान कोसळायच्या बेतात आहे, रॉकेटला पिंजऱ्यांत रॅकूनची पिल्लं दिसतात, आणि तो त्यांना सोडवल्याशिवाय पुढे जात नाही. ज्या पिंजऱ्यांतून एकेकाळी तो एकटाच पळाला होता, तसल्याच पिंजऱ्यांशी थांबतो. तिथे मला रडू आवरलं नाही.

तोच दिग्दर्शक, जेम्स गन, दोन वर्षांनी 'सुपरमॅन' घेऊन आला आणि त्याने क्रिप्टोला अगदी पहिल्याच प्रसंगात आणलं. सुपरमॅन बर्फात पडलाय, रक्ताळलेला, हाडं मोडलेली. कशीबशी शिट्टी घालतो. लांबून बर्फ उधळत एक ठिपका येतो आणि वाटतं, चला, आला तारणहार. पण क्रिप्टो येतो तो खेळायच्या नादात. मोडक्या बरगड्यांवर नाचतो, झूल ओढतो, सुपरमॅन कळवळतो. गनने आपला कुत्रा ओझू याच्यावरून तो बेतलाय. ओझू अशा ठिकाणाहून आला होता जिथे साठ कुत्री कोंडून ठेवलेली होती आणि माणसाचा स्पर्शच त्याला ठाऊक नव्हता. घरी आल्यावर त्याने चपला खाल्ल्या, सामान फोडलं, लॅपटॉपही सोडला नाही. मग गनच्या मनात आलं, याला अचाट ताकद असती तर काय झालं असतं? हे वाचल्यापासून मला तो क्रिप्टो दुप्पट आवडतो. १९५५च्या क्रिप्टोच्या डोक्यात माणसाचे विचार होते. याच्या डोक्यात कुत्र्याचे आहेत. तो आज्ञा पाळत नाही, शहाणपणा दाखवत नाही, आणि तरीही त्याच्यावर जीव लावणं थांबत नाही.

आणि मग पुढे खलनायक लूथर त्याला उचलून नेतो. इथे भाचीने उशी छातीशी धरली होती. सुपरमॅन आपल्या प्रेयसीला, लोईसला, जे सांगतो त्याचा मतितार्थ असा, की तो काही फार गुणी कुत्रा नाहीये, पण तो कुठेतरी एकटा असेल आणि बहुधा घाबरला असेल. आणि तो स्वतःला अधिकाऱ्यांच्या ताब्यात देतो, कारण जिथे क्रिप्टोला नेलंय तिथे पोचायची तीच एक वाट त्याला दिसते. पहिल्यांदा पाहताना मी हे सिनेमातलं एक वळण म्हणून पाहिलं. या वेळी लक्षात आलं की पहिल्या क्रिप्टोनंतर सत्तर वर्षांनी वाट उलटी झालीय. कुत्रा माणसाकडे परत येतोय असं नाही. माणूस कुत्र्याला आणायला निघालाय.

बाबा एकदाच गेले होते. मी तर गेलेच नाही. मला नेलं नाही हे खरं, पण मी मागेही लागले नव्हते. त्या दिवशी माझ्या नव्या शाळेचा पहिला दिवस होता आणि मला नवं दप्तर मिळालं होतं. त्याचा वास आजही आठवतो.

भाची जायच्या आदल्या रात्री आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो. तिने पुन्हा काही विचारलं नव्हतं, पण मीच सुरुवात केली. म्हटलं, तू त्या दिवशी विचारलंस ना, क्रिप्टोला कुणी विचारलं होतं का. नाही विचारलं. सांगितलंही नाही. आणि मग तिला भुऱ्याची गोष्ट सांगितली, दुमडलेल्या कानापासून काचेवरच्या वाफेच्या गोलापर्यंत. टाळ्यांचं सांगितलं, जीपचं सांगितलं, तुटलेल्या दोरीचंही. तिने मध्ये एकदाच विचारलं.

“दार कुणी लावलं?”

“मी.”

ती बराच वेळ गप्प होती. नखाने चटईची एक काडी उसकटत होती. तिला माझा राग आला असेल, असं वाटलं आणि तो यावा असंही वाटलं.

मग म्हणाली, “दोरी तोडली म्हणजे तो तुझ्याकडेच यायला निघाला असणार.”

“असेल.”

“पण तुमचं घर बदललं होतं.”

“हो.”

“टाळ्या कशा वाजवायचीस? वाजवून दाखव.”

मी हात उचलले. इतक्या वर्षांत त्या टाळ्या कधी वाजवल्याच नव्हत्या. कुणाला बोलवायचं झालं तरी नाही. दोन वाजवल्या, सलग. मग थांबले, आणि हात तसेच राहिले.

तिसरी तिने वाजवली.